घर, दुकान आणि सोसायटीतील पेस्ट कंट्रोल : परवान्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या पावसाच्या आधीचे दोन-तीन आठवडे कोपरखैरण्यातील आमच्या सोसायटीच्या फाटकावर पाठीला पंप अडकवलेल्या माणसांची ये-जा वाढते आणि त्याच सुमारास कमिटीकडे परवान्याविषयीचे तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ठाणे आणि नवी मुंबईतील सभासद, दुकानदार आणि छोटे हॉटेलचालक यांना ती सारखीच उपयोगी पडावीत.

स्वतःच्या घरात पेस्ट कंट्रोल करून घेण्यासाठी महापालिकेची परवानगी काढावी लागते का?

नाही. झुरळे, ढेकूण किंवा वाळवी यांच्यासाठी फवारणी करून घेणाऱ्या घरमालकाने किंवा भाडेकरूने स्वतः कोणताही परवाना काढायचा नसतो. परवान्याचे बंधन कायद्याने फवारणाऱ्यावर घातले आहे, फवारून घेणाऱ्यावर नाही. त्यामुळे ‘तुमच्या फ्लॅटचे परमिट काढावे लागेल, त्याचे पैसे वेगळे’ असे कोणी सांगू लागले, तर त्याला दारातूनच निरोप द्यावा.

मग परवाना नेमका कोणता, आणि तो देतो कोण?

कीटकनाशक अधिनियम, १९६८ या केंद्रीय कायद्याच्या कलम १३ नुसार कीटकनाशकांचे उत्पादन, विक्री आणि साठा यांच्याप्रमाणेच कीटकनाशके वापरून व्यावसायिक कीड नियंत्रणाचे काम करण्यासाठीही परवाना लागतो. हा परवाना राज्य सरकारने नेमलेला परवाना अधिकारी देतो आणि महाराष्ट्रात हे काम कृषी विभागाच्या अखत्यारीत येते. स्वयंपाकघरातल्या झुरळांचा शेतीखात्याशी काय संबंध, असा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. संबंध झुरळांशी नसून औषधाशी आहे. शेतात मारले जाणारे औषध आणि ओट्याखाली मारले जाणारे औषध कायद्याच्या दृष्टीने कीटकनाशकच असते.

व्यावसायिक काम म्हणजे काय, हे कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये सांगितले आहे. घर, सार्वजनिक किंवा खासगी जागा अथवा जमीन यांवर व्यवसाय म्हणून केलेली कीटकनाशकाची कोणतीही फवारणी किंवा धुरी त्यात येते. मोठी कंपनी असो किंवा एकच पंप घेऊन फिरणारा एकटा माणूस असो, पैसे घेऊन फवारणी केली की नियम लागू होतो.

फवारणीवाला ‘गुमास्ता’ दाखवतो. तेवढे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही. या एका गैरसमजामुळे जितकी फसगत होते तितकी दुसऱ्या कशामुळे होत नसेल, म्हणून हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे.

ज्याला आपण सवयीने गुमास्ता किंवा शॉप ॲक्ट म्हणतो, तो दाखला दुकाने व आस्थापनांविषयीच्या राज्याच्या कायद्याखाली मिळतो. तो कायदा कामगारांच्या कामाचे तास, सुट्ट्या, सोयी यांच्याविषयी आहे. २०१७ च्या नव्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने तर केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची असते आणि त्या सूचनेची पोचपावती तिला मिळते. ही पोचपावती दाखवून कोणी ‘आम्ही सरकारमान्य आहोत’ म्हणत असेल, तर वडापावच्या गाडीवाल्याने आधार कार्ड दाखवून ‘अन्नपरवाना आहे’ म्हणण्यासारखेच ते झाले. जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, आयएसओचा फ्रेम केलेला कागद यांनाही हेच लागू आहे. ही सगळी कागदपत्रे खरी असू शकतात, पण त्यांतील एकही कागद त्या माणसाला विषारी औषध हाताळता येते का, हे सांगत नाही.

कृषी विभागाचा परवाना मात्र नेमके हेच पाहून दिला जातो. अर्जदाराकडे कृषी विषयाची किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी असलेली व्यक्ती असावी लागते आणि त्या व्यक्तीने किमान १५ दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. मैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापूडची धान्य साठवण संशोधन संस्था आणि हैदराबादची वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था या ठिकाणी असे प्रशिक्षण मिळते. घरी येणारा मुलगा पदवीधर असलाच पाहिजे असा याचा अर्थ नाही; पण त्याला औषध मोजून देणारा, मात्रा ठरवणारा आणि चुकीची जबाबदारी घेणारा कोणीतरी पात्र माणूस त्याच्यामागे असलाच पाहिजे.

परवान्याची प्रत मिळाली. तिच्यावर काय पाहावे?

तो कीड नियंत्रणाच्या कामाचा परवाना आहे की नुसता कीटकनाशक विक्रीचा, हे सर्वांत आधी पाहावे, कारण विक्रीचा परवाना फवारणीला चालत नाही. त्यानंतर परवान्यावरील नाव आणि बिलावरील नाव एकच आहे का, आणि जागेचा पत्ता कुठला आहे, हे पाहावे. आमच्या इमारतीत एकदा दिलेला परवाना अगदी अस्सल होता, मात्र तो एका भलत्याच संस्थेच्या नावाचा होता. आलेला माणूस तिच्याकडून ‘सबकॉन्ट्रॅक्ट’ घेतल्याचे सांगत होता आणि त्या संस्थेला फोन केल्यावर तिने असा कोणी माणूस ओळखत नसल्याचे सांगितले. तेव्हापासून आम्ही परवान्यावरील नावाच्याच बिलाचा आग्रह धरतो.

मी बाजारातून औषध आणून घरीच फवारले तर?

स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कीटकनाशक वापरणाऱ्याला कायद्याच्या कलम ३८ ने सूट दिली आहे. त्यामुळे दुकानातून स्प्रेचा डबा किंवा झुरळांची जेल आणून वापरायला कसलीही आडकाठी नाही. मात्र सोसायटीच्या वॉचमनला चार पैसे देऊन सगळ्या मजल्यांवर फवारणी करून घेणे या सुटीत बसवू पाहणे आम्हाला पटत नाही. हातमोजे नाहीत, मास्क नाही, आणि तोच माणूस अर्ध्या तासाने टाकीचे झाकण उघडणार असतो.

औषधाच्या डब्यावर कोणत्या खुणा पाहाव्यात?

फवारणी सुरू होण्याआधी मूळ डबा दाखवायला सांगावे. ही मागणी करायला संकोच वाटून घेऊ नये. प्रामाणिक माणूस तो आनंदाने दाखवतो. लेबलवर एक चौकोन टोकावर उभा केलेला असतो आणि त्याचे दोन त्रिकोण झालेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याहून कमी पण तरीही जहाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य. खालचा त्रिकोण लाल असेल, तर वरच्या त्रिकोणात कवटी आणि हाडांचे चित्र असते. राहत्या घरात लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचा डबा निघाला, तर काम थांबवून कारण विचारावे. लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचा नोंदणी क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, तसेच विषबाधा झाल्यास काय करावे याची सूचना असते.

मागच्या वर्षी आमच्या सातव्या मजल्यावरच्या काकूंनी डबा मागितला, तेव्हा फवारणाऱ्या मुलाने पिशवीतून पाण्याची जुनी बाटली काढली. तिच्यात पिवळसर तेलकट द्रव होता, झाकणाला फडके गुंडाळलेले होते आणि लेबलाच्या जागी फक्त डिंकाचा चिकट पट्टा उरला होता. त्याने तो द्रव बादलीत ओतताच पाणी दुधासारखे पांढरे झाले. पाण्यात मिसळणारी बरीच कीटकनाशके अशीच पांढरी होतात, त्यामुळे रंगावरून काहीच कळत नाही. औषध कोणते, असे विचारल्यावर ‘झुरळाचे’ एवढेच उत्तर मिळाले. काकूंनी त्याला चहा पाजून परत पाठवले.

कोणती औषधे आता चालत नाहीत?

जुन्या मंडळींच्या तोंडी असलेली काही नावे केव्हाच हद्दपार झाली आहेत. वाळवीसाठी एके काळी सर्रास वापरली जाणारी ॲल्ड्रिन, क्लोरडेन आणि हेप्टाक्लोर ही औषधे पूर्ण बंद आहेत. घरगुती फवारणीत लोकप्रिय असलेले, उग्र वासाचे डायक्लोरव्हॉस २०१८ च्या केंद्र सरकारच्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले, आणि त्याच आदेशाने डायझिनॉन व फेन्थिऑन यांच्यावर २०१८ मध्येच बंदी आली. ‘पूर्वीचेच जोरदार औषध आहे, वास आला म्हणजे काम झाले’ असे सांगणाऱ्याला औषधाचे नाव कागदावर लिहून द्यायला सांगावे.

‘हर्बल’ औषधाला परवाना लागत नाही, हे खरे आहे का?

खरे नाही. कडुनिंबापासून मिळणारे ॲझाडिरॅक्टिनसुद्धा नोंदणीकृत कीटकनाशकांत मोडते. प्रत्यक्षात ‘हर्बल’ म्हणून जे काही येते ते बहुधा झुरळांची जेल असते आणि तिच्यात सामान्यतः ०.०५ टक्के फिप्रोनिल किंवा २.१५ टक्के इमिडाक्लोप्रिड असते. जेल वाईट नाही. उलट ओटा रिकामा न करता काम होते आणि औषध हवेत उडत नाही, म्हणून आम्ही तीच सुचवतो. फक्त ती वनस्पतीजन्य नसते.

वाळवीसाठी ड्रिल मारायचे असेल तर सोसायटीची परवानगी हवी का?

हवी. ती कीटकनाशकासाठी नसून इमारतीसाठी हवी. वाळवीविरोधी कामाची पद्धत आयएस ६३१३ या भारतीय मानकात दिली आहे. त्याचा दुसरा भाग बांधकाम चालू असताना करायच्या प्रक्रियेचा आणि तिसरा भाग उभ्या इमारतीतील प्रक्रियेचा आहे. उभ्या इमारतीत तळमजल्यावर भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या रेषेवर साधारण ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोके पाडून औषध खालच्या मातीपर्यंत पोचवतात आणि नंतर ती भोके बुजवतात. या रेषेतच नळाचे पाइप किंवा विजेची वायर गेलेली असेल, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून कमिटीला लेखी कळवावे, नकाशा हाताशी ठेवावा आणि भोके बुजवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या सभासदांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मातीतून येणारी वाळवी त्यांच्या कपाटापर्यंत डक्टमधून किंवा ओल धरलेल्या भिंतीतून चढलेली असते. नुसत्या कपाटाला औषध लावणे म्हणजे गळके छप्पर सोडून बादली बदलत राहणे होय. उपाय तळमजल्यावर आणि ओल थांबवण्यात आहे, आणि ती सोसायटीची जबाबदारी आहे.

धुरी देणे आणि फवारणी करणे यांत परवान्याच्या दृष्टीने फरक आहे का?

आहे, आणि तो जीवघेणा आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना हवेतील ओलावा लागला की त्यांतून फॉस्फिन हा अतिविषारी वायू निघतो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ही क्रिया सुरू व्हायला वेळ लागत नाही. या गोळ्यांची विक्री शासन, शासकीय उपक्रम आणि कीड नियंत्रण करणारे परवानाधारक यांच्यापुरतीच मर्यादित आहे आणि वापर मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा लागतो. असे धुरीकरण करणाऱ्याला नेहमीच्या परवान्याशिवाय केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांची मान्यताही लागते. तीन ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्या २००१ पासून पूर्ण बंद आहेत.

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील धान्याची गोदामे किंवा न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जाणारा माल यांच्यासाठी धुरीकरण आवश्यक असते आणि तिथे ते ताडपत्री, वायुमापक व सूचनाफलक लावून केले जाते. राहत्या इमारतीत त्याला जागा नाही. फॉस्फिन दरवाजाच्या फटीतून, डक्टमधून, फॉल्स सीलिंगच्या वरून शेजारच्या खोलीत सहज जातो, आणि शेजारी झोपलेल्या कुटुंबाला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तरी तो कशाचा हे कळत नाही. वर्षाच्या गव्हासाठी किराणा दुकानदाराने कागदात गुंडाळून सुटी गोळी दिली, तर ती घेऊ नये. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळावे, गव्हात कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालावा. आपल्या आज्यांची ही पद्धत या बाबतीत कायद्याच्याही बाजूने आहे.

हॉटेल, बेकरी किंवा किराणा दुकानाला कोणते वेगळे नियम लागतात?

अन्नव्यवसायाला अन्नसुरक्षा कायद्याखालील परवाना किंवा नोंदणी लागते आणि त्या संदर्भातील २०११ च्या नियमांच्या अनुसूची ४ मध्ये कीड नियंत्रणाच्या अपेक्षा दिल्या आहेत. कीड आत येऊ नये अशी जागेची रचना, प्रशिक्षित माणसांकडून प्रक्रिया, आणि कोणते औषध कोणत्या तारखेला वापरले याची नोंदवही त्यात येते. तपासणीच्या वेळी अन्नसुरक्षा अधिकारी ही वही मागतात. वर्षाचा करार केलेला असतो, पण वहीत बारा महिन्यांच्या बारा सह्या एकाच शाईने, एकाच दिवशी केलेल्या दिसतात, असे प्रकार ठाण्याच्या नाक्यानाक्यावर सापडतील. कराराच्या कागदाला किंमत नाही. प्रत्येक फेरीच्या पावतीला, तिच्यावरील औषधाच्या नावाला आणि मात्रेला आहे.

पेस्ट कंट्रोलवाल्याने आमच्या इमारतीतील गाळ्यात औषधांचा साठा ठेवला आहे. चालेल का?

कीटकनाशक नियमांनुसार माणसांच्या किंवा जनावरांच्या खाण्याच्या वस्तू जिथे तयार होतात, साठवल्या किंवा विकल्या जातात, त्याच इमारतीत कीटकनाशके साठवता येत नाहीत. घरगुती वापराच्या कीटकनाशकांची किरकोळ विक्री तेवढी याला अपवाद आहे. बहुतेक सोसायट्यांच्या तळमजल्यावर किराणा, दूध किंवा फरसाणाचे दुकान असतेच, तेव्हा हा नियम आपल्याकडे सरळ लागू पडतो. हा कायदा होण्यामागे १९५८ सालची एक मोठी दुर्घटना होती. केरळमध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि पीठ यांची वाहतूक एकत्र झाली, औषध पिठात मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. धोकादायक वस्तूंच्या साठ्यासाठी महापालिकेच्या परवाना विभागाचेही नियम आहेत, त्यामुळे अशा गाळ्याची तक्रार महापालिका आणि कृषी विभाग या दोन्हींकडे करता येते.

खारघर, कामोठे येथे कोणाकडे जायचे?

दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग नवी मुंबई महापालिकेत आणि ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल हे भाग बोलताना नवी मुंबईच म्हटले जात असले, तरी ते २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात आहेत. त्यामुळे तेथील तक्रार रायगडच्या कृषी कार्यालयाकडे करावी.

डासांची धूरफवारणी सोसायटीने खासगी माणसाकडून करून घ्यावी का?

आधी महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे, कारण डासनियंत्रण हे त्यांचे कामच आहे. खासगी माणूस आणायचाच असेल, तर परवान्याचा नियम वरीलप्रमाणेच. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मरत नाहीत. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कुंड्यांखालच्या बशा आणि फ्रिजमागचा ट्रे कोरडा करणे धुरापेक्षा जास्त उपयोगी आहे.

उंदीर, साप आणि मधमाश्या यांच्याविषयी काही बंधने आहेत का?

उंदरांसाठीचे विषारी आमिषही कीटकनाशक कायद्याखालीच येते, त्यामुळे ते सुटे, बिनलेबलाचे विकत घेऊ नये. चिकट पट्ट्यांवर उंदीर तडफडत मरतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने त्यांच्या विरोधात भूमिका घेतली आहे, तेव्हा पिंजरा बरा. सापाला मारणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. साप दिसल्यास पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू नये, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मधमाश्यांचे पोळे जाळू नये. ते सुखरूप हलवणारी माणसे मिळतात.

फवारणीच्या दिवशी कोणती काळजी घ्यावी?

लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांनी लेबलवर सांगितलेल्या वेळेपर्यंत घराबाहेर राहावे. मत्स्यपेटी झाकून तिचा हवेचा पंप बंद करावा, कारण सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधे माशांना अतिशय घातक असतात. त्याच कारणाने पंप धुतलेले पाणी पावसाळी गटारात ओतू देऊ नये. ठाण्यात ते तलावात आणि आपल्याकडे ऐरोलीच्या खाडीत, म्हणजे फ्लेमिंगो अभयारण्यात जाते. ढेकणांची फवारणी असेल तर पंधरा दिवसांनी दुसरी फेरी ठरलेली असावी. अंडी पहिल्या फेरीत वाचतात.

रिकामे डबे कुठे टाकावेत?

ते फवारणाऱ्यानेच परत न्यावेत. घरगुती डबा असल्यास धुऊन पुन्हा वापरू नये. घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा.

कोणाला विषबाधा झाली तर?

रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, औषध लागलेले कपडे काढून त्वचा साबणाने धुवावी आणि १०८ वर फोन करावा. पोटात औषध गेले असल्यास स्वतःच्या मनाने उलटी करवू नये. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. रुग्णालयात जाताना औषधाचा डबा किंवा निदान लेबलचा फोटो सोबत न्यावा, कारण उतारा औषधाच्या नावावरून ठरतो. बिनलेबलाच्या बाटलीला घरात येऊ न देण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

परवाना नसलेल्या माणसाविरुद्ध किंवा वाईट कामाबद्दल तक्रार कुठे करावी?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. परवाना नसणे, बंदी असलेले औषध वापरणे किंवा लेबल नसणे याची तक्रार जिल्ह्याच्या कृषी कार्यालयातील कीटकनाशक निरीक्षकाकडे करावी. त्याला जागेची तपासणी करण्याचा आणि औषधाचे नमुने घेण्याचा अधिकार आहे, आणि अशा गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. हमी देऊन काम न करणे, फरशी फोडून ठेवणे, पैसे परत न देणे हा ग्राहकाचा वाद आहे. त्यासाठी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी आणि तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न बिलाचाच येतो, आणि ‘बिल नको असेल तर दोनशे कमी’ हे ऐकून आपण मान डोलावलेली असते.